चोथा

कुरडयांचा घाट घातला की घरात तीन दिवस आंबूस वास भरून राहतो. गहू भिजत पडलेले असतात, रोज त्यांचे पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटायचे, भरपूर पाण्यात कालवायचे आणि फडक्यातून पिळून काढायचे. पातेल्यात दुधासारखा पांढरा चीक जमतो. तो रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे, खालचा दाट चीक शिजवायचा आणि गच्चीवर, प्लास्टिकच्या कागदावर साच्याने कुरडया घालायच्या. या सगळ्यात हातात उरतो तो चोथा. आमच्याकडे तो गाईच्या पाटीत जायचा. त्यातला एक गोळा मी वाटेतच पळवायचो. नळाखाली धरून कोंडा जाईल तेवढा घालवला की बोटांत एक करडा-पिवळट, चिवट लगदा राहायचा. ताणला की लांबायचा, सोडला की आखडायचा. घरातल्या कुणालाही त्याचे कौतुक नव्हते. सगळ्यांचे लक्ष चिकावर.

१७२८ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी या वैद्याने जवळजवळ हेच केले. फक्त त्याचे लक्ष चोथ्यावर होते. त्याने कणकेचा गोळा पाण्यात धुतला. पांढरे सत्त्व वाहून गेले, आणि जो चिकट गोळा राहिला तो कुजवून, तापवून पाहिला. त्यातून प्राण्यांच्या मांसातून निघावेत तसे वास आणि तसेच पदार्थ निघाले. वनस्पतीच्या पोटात हा मांसासारखा ऐवज कुठून आला, हा प्रश्न त्या काळच्या विद्वानांना चांगलाच कोड्यात टाकणारा होता. ‘प्रथिन’ ही कल्पना जन्माला यायला अजून शंभरेक वर्षे होती. वनस्पतीतून वेगळे काढलेले ते पहिले प्रथिन. त्याचे नाव ग्लुटेन. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ खळ किंवा डिंक.

प्रयोग आजही करून पाहण्यासारखा आहे, आणि कुरडयांचा खटाटोप न करता होतो. वाटीभर गव्हाची कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पाण्याने भरलेल्या भांड्यात गोळा हलक्या हाताने दाबत राहा. पाणी पांढरे होईल. बदला, पुन्हा दाबा. चार-पाच पाण्यांनंतर सुपारीपेक्षा थोडा मोठा, रबरी गोळा उरेल. आता हेच ज्वारीच्या पिठाचे करा. गोळा पहिल्याच पाण्यात विरघळून जाईल आणि हातात काहीही राहणार नाही.

आपण भाकरी थापतो आणि पोळी लाटतो. या दोन क्रियापदांतला फरक हाताच्या सवयीचा नाही, प्रथिनांचा आहे. ज्वारीतही प्रथिन असते, पण ते दाण्यात छोट्या घट्ट गोळ्यांमध्ये बंद असते. पाणी घालून कितीही मळा, त्याचे जाळे विणले जात नाही. म्हणून ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी लागते. त्याने पिठातले स्टार्च फुगते आणि तेच पीठ धरून ठेवते. तांदळाची उकड काढतो तीही त्याचसाठी. अशा गोळ्याला लाटण्याने ओढले तर कडा फाटतात. त्याला तळव्याने हळूहळू पसरवावे लागते. गव्हाला मात्र गार पाणी पुरते, कारण त्याचा धरून ठेवणारा धागा स्टार्चचा नसून चोथ्यातला असतो. पुरणपोळीची कणीक तेल-पाणी लावून तिंबतात, तास-दोन तास मुरू देतात, आणि मग तळहातावर ती मलमलीच्या फडक्यासारखी लांबते. पुरण आत, पोळी कागदाएवढी पातळ, तरी फाटत नाही. हा चमत्कार ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांच्यापैकी कुणालाही जमत नाही. सगळी गवतेच आहेत ही. मग एकट्या गव्हालाच का जमावे?

उत्तराचे दोन तुकडे आहेत. एक प्रथिनाच्या घडणीत आहे, दुसरा गव्हाच्या वंशावळीत. आधी घडण.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. बहुतेक प्रथिने आपली माळ एका ठराविक पद्धतीने घडी घालून एक नेटका गोळा बनवतात, आणि त्या घडीवर त्यांचे काम ठरते. थॉमस ऑस्बोर्न या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली गव्हाच्या प्रथिनांवर पुस्तक लिहिले, त्यात कोणते प्रथिन कशात विरघळते यावरून त्यांचे गट पाडले. आपल्या चोथ्यात दोन मोठी मंडळी आहेत. एक ग्लायडिन: सुटे, पातळ, कणकेला सैलपणा देणारे. दुसरे ग्लुटेनिन: एकमेकांना जोडून प्रचंड लांब साखळ्या करणारे, कणकेला ताण देणारे. ग्लायडिन जास्त झाले तर गोळा चिखलासारखा पसरतो, ग्लुटेनिन जास्त झाले तर लाटलेली पोळी पोळपाटावर परत आखडते. लाटणाऱ्या हाताला हे दोन्ही अनुभव असतात. फक्त दोष बहुधा पाण्याला दिला जातो.

ग्लुटेनिनमध्येही एक छोटा गट आहे, आकाराने सर्वांत दांडगा. वैज्ञानिक त्यांना ‘उच्च रेणुभाराची उपएकके’ म्हणतात. नाव रुक्ष आहे, आपण त्यांना ‘दांडगे ग्लुटेनिन’ म्हणू. दाण्यातल्या प्रथिनांत त्यांचा वाटा जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास, पण कणकेचा ताण बराचसा त्यांच्या हातात. माळ सहाशे ते आठशे मण्यांची. तिचा मधला मोठा भाग वाचू लागलो तर कंटाळा येईल: तीन, सहा किंवा नऊ मण्यांचे तेच ते तुकडे, एखाद्या काठाच्या वेलबुट्टीसारखे, पुन्हा पुन्हा. आणि मणी तरी किती प्रकारचे? तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकटे ग्लुटामिन, मग ग्लायसिन आणि प्रोलिन. प्रोलिन हा माळेतला हेकट मणी आहे. तो जिथे बसतो तिथे माळ वाकते आणि नेहमीच्या घडीत बसत नाही. त्यामुळे हा मधला भाग नेटका गोळा होतच नाही. तो सैल, वळणावळणाचा, स्प्रिंगसारखा राहतो. त्याचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी रचना पाहावी म्हटले तर तो स्फटिकही होत नाही. प्रथिनांच्या घड्या ओळखणाऱ्या ज्या आल्फाफोल्ड संगणकप्रणालीच्या कर्त्यांना २०२४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तिचाही आत्मविश्वास अशा सैल माळांपुढे ढासळतो.

मग ताण येतो कुठून? १९९९ साली पीटर बेल्टन या ब्रिटिश संशोधकाने मांडलेले चित्र मला पटते, आणि ते मराठी घरात समजायला सोपे आहे. नऊवारीच्या निऱ्या डोळ्यांसमोर आणा. ग्लुटामिनचे मणी शेजारच्या माळेतल्या ग्लुटामिनला हायड्रोजन बंधांनी हलकेच चिकटतात. काही पट्टे असे चिकटलेले, तर मधेमधे पाणी शिरल्यामुळे मोकळ्या झालेल्या घड्या. कणीक ओढली की आधी या मोकळ्या घड्या उलगडतात, पाऊल टाकल्यावर निऱ्या उलगडतात तशा. आणखी ओढली की चिकटलेले पट्टे सुटू लागतात. सोडून दिली की पुन्हा घड्या पडतात. मळलेली कणीक मुरायला ठेवतो तेव्हा ओढाताणीत आखडलेले बंध सुटतात आणि नव्या जागी बसतात, म्हणून मुरलेली कणीक सैल होते.

पण निऱ्यांना कंबरेला गाठ हवी. ते काम सिस्टीन या मण्याचे. त्याच्या अंगावर गंधकाचा अणू असतो, आणि दोन सिस्टीन भेटले की गंधकाला गंधक जोडून पक्की गाठ बसते. दांडग्या ग्लुटेनिनांत सिस्टीन मोजकेच असतात आणि जवळजवळ सगळे माळेच्या दोन टोकांना. टोकाला टोक जोडत जाऊन अशा साखळ्या तयार होतात की त्यांची गणना निसर्गातल्या सर्वांत मोठ्या प्रथिनरेणूंत होते. मधे सैल निऱ्या, टोकांना पक्क्या गाठी: पोळी एवढ्यावर उभी आहे.

हे प्रथिन आले कुठून, याचा माग काढला तर वाट फार अनपेक्षित ठिकाणी जाते. मोहरीच्या दाण्यातले, तिळातले, शेंगदाण्यातले एक साठवणीचे प्रथिन घ्या. ते लहान आहे, घट्ट आहे, चार मळसूत्री दांड्या आणि त्यांना बांधणाऱ्या चार गंधकी गाठी. म्हणजे आठ सिस्टीन, ठराविक अंतरांवर. वनस्पतींच्या सालीत मेदाचे कण वाहून नेणारे आणखी एक चिमुकले प्रथिन घ्या: तोच आठ सिस्टीनांचा सांगाडा. ते तर शेवाळवर्गीय वनस्पतींतही सापडते, म्हणजे झाडे जमिनीवर आली त्या काळापासूनचे. आणि ग्लायडिन-ग्लुटेनिन यांच्या माळा नीट जुळवून पाहिल्या की त्यांच्यातही त्याच सांगाड्याचे तुकडे दिसतात, फक्त लांबवर पांगलेले. १९८५च्या सुमारास हे नाते उलगडले. एका जुन्या, घट्ट, छोट्या प्रथिनाच्या मधोमध गवतांच्या एका शाखेत ही वेलबुट्टी घुसली आणि वाढत गेली.

ती वाढली कशी, हे डीएनएच्या नकला होताना काय घडते त्यात आहे. तोच तो मजकूर सलग असला की नक्कल करणाऱ्याची ओळ चुकते. जुन्या पोथ्या उतरवणाऱ्यांचे असेच व्हायचे. एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी असल्या की एखादी ओळ दोनदा लिहिली जायची किंवा गळायची. डीएनएतही पुनरावृत्तीच्या जागी तुकडा कधी जास्तीचा लिहिला जातो, कधी गळतो. नेटक्या घडीच्या प्रथिनात अशी चूक बहुधा प्राणघातक ठरते. पण बियांत साठवणीसाठी ठेवलेल्या प्रथिनाचे काम एवढेच, की रोप उगवताना त्याला नत्र पुरवायचे. माळ थोडी लांब झाली काय, आखूड झाली काय, रोपाचे अडत नाही. गव्हाच्या झाडाला पोळी लाटायची नसते. चुकीला इतकी माफी असल्यामुळेच ही वेलबुट्टी सैरावैरा वाढू शकली.

आता वंशावळ. ती प्रथिनापेक्षाही गुंतागुंतीची आहे.

१९१८ साली जपानमध्ये तेत्सु साकामुरा यांनी गव्हांच्या पेशीतली गुणसूत्रे मोजली आणि तीन थर सापडले: काहींत १४, काहींत २८, काहींत ४२. सातच्या पाढ्यातले आकडे. त्यांचे काम पुढे नेले हितोशी किहारा यांनी. वेगवेगळे गहू आणि त्यांच्या जवळची रानगवते यांचे संकर करून, कोणाची गुणसूत्रे कोणाशी जोडी जमवतात हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. सात गुणसूत्रांचा एक संच म्हणजे एक जनुकसंच, आणि गव्हात असे ए, बी आणि डी हे तीन वेगळ्या कुळांचे संच आहेत, हे त्यांनी दाखवले. (किहारा गृहस्थ अफाट होते. बिनबियांच्या कलिंगडामागचे शास्त्र त्यांचे, आणि जपानच्या हिवाळी ऑलिम्पिक पथकाचे नेतृत्वही त्यांनी केले.) १४ गुणसूत्रांच्या रानगव्हात एकटा ए. आपला खपली गहू, आणि ज्याचा रवा काढतात तो बन्सी, यांत ए आणि बी, म्हणून २८. पोळीचा गहू, मग तो लोकवन असो की शरबती, त्यात ए, बी, डी तिन्ही, म्हणून ४२. ‘लोकवन’ हे नाव ऐकून कुणाला वन-बिन आठवत असेल तर सांगतो: गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेल्या ‘लोक-१’ या वाणाचे ते बाजारात झालेले रूप आहे.

पहिला मेळ, ए आणि बी यांचा, माणूस शेती करू लागण्याच्या लाखो वर्षे आधी रानातच झाला. त्यातून झालेला रानटी खपली १९०६ साली आरोन आरोनसोन यांना पॅलेस्टाइनमध्ये रोश पिन्ना गावाजवळ खडकांच्या फटीत उगवलेला सापडला. दुसरा मेळ मात्र शेतात झाला, आणि तो अगदी अलीकडचा आहे: आठ-दहा हजार वर्षांपूर्वीचा, कास्पियन समुद्राच्या दक्षिणेच्या पट्ट्यातला. शेतकरी खपलीच्या जातीचा गहू लावत होते आणि बांधावर, पिकात, तण म्हणून एक किरकोळ गवत उगवत होते. त्याच्या पातळ कणसाला कुणी विळा लावला नसता. त्या गवताचे परागकण गव्हावर पडले. जे बी तयार झाले त्यात २१ गुणसूत्रे: ए, बी, डी, प्रत्येकी एकेरी. कुणालाच जोडीदार नाही. असे रोप वांझ. किहारांच्या कलिंगडात बी धरत नाही तेही गुणसूत्रांच्या जोड्या नीट न जमल्यामुळेच. पण गव्हाच्या या संकरात कधी कधी परागकण आणि बीजांडे तयार होताना गुणसूत्रे निम्मी व्हायची विसरतात. दोन अशी विसरभोळी बीजे भेटली आणि २१चे ४२ झाले. प्रत्येकाला जोडीदार मिळाला. आज जगातला बहुतेक सगळा गहू त्या मूठभर रोपांचा वंशज आहे.

ते गवत कोणते, हे १९४४ साली दोन ठिकाणी एकाच वेळी कळले. जपानमध्ये किहारा आणि अमेरिकेत एडगर मॅकफॅडन व अर्नेस्ट सीअर्स. दोन्ही देश एकमेकांशी लढत होते, पत्रे-नियतकालिके बंद, त्यामुळे कुणाला दुसऱ्याचे काम ठाऊक नव्हते. दोघांनीही एजिलॉप्स टाउशी याच गवताकडे बोट दाखवले. अमेरिकनांनी तर रानटी खपली आणि हे गवत यांचा संकर करून, कोल्चिसिन हे औषध वापरून गुणसूत्रे दुप्पट केली आणि ४२ गुणसूत्रांचा गहू नव्याने घडवून दाखवला. हजारो वर्षांपूर्वी शेताच्या कडेला चुकून झालेली गोष्ट त्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिली.

एका पेशीत तीन कुळांचे संच नांदायचे म्हणजे घरातली भांडणे आली. ए मधल्या पहिल्या गुणसूत्राने आपल्या खऱ्या जुळ्याशीच जोडी जमवायला हवी. बी आणि डी मधली पहिली गुणसूत्रे त्याची चुलतभावंडे, दिसायला जवळपास तशीच. घोळ झाला तर बी धरणार नाही. १९५८ साली केंब्रिजचे राल्फ रायली आणि व्हिक्टर चॅपमन यांना दिसले, की बी संचातले पाचवे गुणसूत्र नसले तर हा घोळ खरोखरच सुरू होतो. तिथे कुणीतरी शिस्त राखणारा बसला आहे. तो नेमका कोण, हे कळायला पुढची साठेक वर्षे गेली. गुणसूत्रांच्या जोड्या जुळवण्यात मदत करणारे झिप-४ नावाचे एक जुने जनुक तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. त्याची एक जास्तीची नक्कल पाचव्यावर जाऊन बसली आणि तिने हे नवे काम अंगावर घेतले. मूळ जनुक आपल्या जागी आपले काम करतच होते, म्हणून नकलेला मोकळीक मिळाली. घरात थोरला संसार सांभाळत असेल तर धाकट्याला मुंबईला जाऊन नशीब आजमावता येते, तसेच काहीसे.

गव्हाचा जनुकसंच या साऱ्यामुळे अवाढव्य झाला आहे. माणसाच्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरे; गव्हाच्या डीएनएत सुमारे १,६०० कोटी. तो वाचायला वीस देशांतल्या दोनशेहून अधिक वैज्ञानिकांना तेरा वर्षे लागली. २०१८च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, त्यात १,०७,८९१ जनुके भरवशाने मोजलेली आहेत. भारताकडे २-ए हे गुणसूत्र आले होते; लुधियाना आणि दिल्ली इथल्या संस्थांनी ते वाचले. पण एवढ्या अक्षरांपैकी ८५ टक्के मजकूर जनुकांचा नाहीच. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारणाऱ्या, स्वतःच्याच नकला पेरत सुटलेल्या तुकड्यांचा आहे. हे तुकडे कुठे जाऊन पडतील याचा नेम नसतो, आणि त्याचा एक परिणाम आपल्या दांडग्या ग्लुटेनिनवरच झालेला आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आता दोन्ही तुकडे जोडायला हरकत नाही. ते फालतू गवत गव्हाच्या घरात आले तेव्हा त्याने बरोबर काय आणले? पुष्कळ काही, पण स्वयंपाकघरापुरत्या तीन गोष्टी मोजतो.

पहिली म्हणजे दांडग्या ग्लुटेनिनांची नवी जोडी. ही जनुके प्रत्येक संचाच्या पहिल्या गुणसूत्रावर दोन-दोन असतात. खपलीकडे ए आणि बी यांची एकेक जोडी आहे. पोळीच्या गव्हाला डीची तिसरी जोडी मिळाली, आणि ताणाच्या बाबतीत तीच सर्वांत वजनदार निघाली. केंब्रिजच्या पीटर पेन यांनी १९८०च्या आसपास शेकडो वाणांची प्रथिने विजेच्या प्रवाहाने जेलवर पळवून, आकारानुसार वेगळी करून पाहिली. डी जोडीचे दोन मुख्य प्रकार आहेत, त्यांना निव्वळ आकड्यांनी ओळखतात: ५+१० आणि २+१२. पहिल्याचा पाव छान फुगतो, दुसऱ्याचा तितका नाही. दोन्हींच्या माळा ताडून पाहिल्या तर ५ क्रमांकाच्या प्रथिनात, वेलबुट्टी सुरू होते तिथे, डीएनएच्या एका अक्षराच्या बदलाने सेरिनच्या जागी सिस्टीन बसलेला आहे. एक गाठ जास्तीची. सहा-आठशे मण्यांत एक मणी! पावाच्या जगात ५+१० ला सोन्याचा भाव आहे. २०२१ साली कळले की हा प्रकार जॉर्जिया देशाच्या परिसरातल्या त्याच गवताच्या एका वेगळ्या, दुर्मिळ शाखेतून आलेला आहे. म्हणजे गवताशी गाठभेट एकदाच झाली नव्हती. पोळीसाठी मात्र इतका जोर नको असतो. पोळीसाठी नावाजलेल्या आपल्या सी-३०६ या जुन्या उंच वाणात २+१२ हीच जोडी आहे. पावाच्या परीक्षेत नापास होणारी जोडी तव्यावर पहिली येते, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

दुसरी गोष्ट आहे दाण्याचा मऊपणा. प्युरोइंडोलिन नावाची दोन चिमुकली प्रथिने, पुन्हा त्याच जुन्या गंधकी गाठींच्या घराण्यातली, स्टार्चच्या कणांवर बसून त्यांना शेजारच्या प्रथिनाशी घट्ट चिकटू देत नाहीत. दाणा मऊ राहतो. ए आणि बी यांचा मेळ झाला तेव्हा त्यांच्या संचांतून ही जनुके गळून गेली. म्हणून खपली आणि बन्सी काचेसारखे कडक. चक्कीत त्यांचे पीठ होण्याऐवजी रवा होऊ पाहतो. गवताने ती जनुके परत आणली आणि गहू पुन्हा मऊ झाला. त्यातही पुढे अनेक वाणांत एका प्रथिनाचा ४६वा मणी ग्लायसिनऐवजी सेरिन झाला आणि दाणा मधलाच, ना फार मऊ ना दगडासारखा झाला. आपल्याकडचे पोळीचे गहू बहुतेक कठीण गटातले. लाडवाला बन्सीचा रवा का हवा, या प्रश्नाचे उत्तर एका गळालेल्या जनुकात आहे.

तिसरी भेट नको होती ती. डी संचाच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या ग्लायडिन जनुकांत एक ३३ मण्यांचा तुकडा आहे. त्यातले १३ प्रोलिन, १० ग्लुटामिन. सात मण्यांची एकच नक्षी लागोपाठ तीनदा. आपल्या पोटातली पाचकरसांची कात्री प्रोलिनपाशी अडते, त्यामुळे हा तुकडा न तुटता आतड्यात पोचतो. काही माणसांची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजून आतड्याच्या अस्तरावरच हल्ला चढवते. तो सीलिअॅक विकार. २००२ साली हा तुकडा ज्या गटाने शोधला त्याचे प्रमुख चैतन खोसला मुंबईच्या आयआयटीतून शिकून स्टॅनफर्डला गेलेले. खपलीत डी संच नसल्यामुळे हा विशिष्ट तुकडा नसतो, हे खरे. त्यावरून पिशवीवर ‘ग्लुटेन-फ्री खपली’ छापणारे दुकानदार मात्र धडधडीत चूक करतात. खपलीच्या ए आणि बी संचांतली ग्लायडिने सीलिअॅकच्या रुग्णाला पुरेशी घातक असतात. ज्यांना तो विकार आहे त्यांनी खपलीची खीरही खायची नाही.

खपलीचा विषय निघाला आहे तर एक अभिमानाची गोष्ट सांगून घेतो. सातारा-सांगली-कोल्हापूर आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात पिकणारा हा गहू जखमेवरच्या खपलीसारखा आपल्या टरफलाला धरून बसतो. मळणीत दाणा सुटत नाही, कणीस तुकड्या-तुकड्यांनी मोडते, टरफल वेगळे कांडून काढावे लागते. ए संचाच्या पाचव्या गुणसूत्रावरच्या क्यू नावाच्या जनुकात झालेल्या बदलाने इतर गहू सुटे झाले. खपलीने तो बदल घेतलाच नाही. पण तांबेरा रोगाशी झुंजण्यात तो इतका तरबेज, की अमेरिकेत १९२२ साली एल्विन स्टॅकमन यांनी तांबेऱ्याच्या बुरशीचे प्रकार ओळखण्यासाठी जी बारा गव्हांची कसोटी ठरवली तिच्यात एकाचे नावच ‘खपली’ होते. मिनेसोटातल्या कुणा विद्यार्थ्याने तो शब्द कसा उच्चारला असेल देव जाणे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचे एमएसीएस २९७१ हे बुटके वाण काढले आहे, त्यामुळे तो आता लोळत नाही.

राहिला तो उडी मारणारा तुकडा. हिशेबाने पोळीच्या गव्हात दांडग्या ग्लुटेनिनची सहा जनुके हवीत: तीन संच, प्रत्येकी दोन. दाण्यातली प्रथिने जेलवर पळवली की पट्टे मात्र तीन, चार, फार तर पाच दिसतात. ए संचातल्या जोडीपैकी धाकटे जनुक जवळजवळ कधीच बोलत नाही. १९८०च्या दशकात ते उघडून पाहिले तेव्हा चायनीज स्प्रिंग या वाणात त्याच्या मजकुरात एक परका तुकडा घुसलेला सापडला, विस-२ नावाचा, हजारो अक्षरांचा. शिवाय इतर वाणांत वाक्याच्या मधेच पूर्णविराम पडलेला. जनुक आहे, वाचायला सुरुवातही होते, पण प्रथिन पुरे होत नाही. बाकीची जनुके काम भागवत असल्यामुळे गव्हाचे काहीच अडले नाही, आणि ही मोडतोड हजारो वर्षे तशीच पिढ्यान्पिढ्या उतरत आली.

पण रानटी खपलीच्या आणि १४ गुणसूत्रांच्या रानगव्हाच्या काही रोपांत तेच जनुक अजून शाबूत आहे आणि आपले प्रथिन बनवते. ऑस्ट्रेलियातल्या पैदासकारांनी असे एक बोलते जनुक साध्या संकरांनी पोळीच्या जातीच्या गव्हात आणून बसवले आहे. त्या दाण्यांची कणीक धुतली तर हातात येणाऱ्या चोथ्यात एक धागा असा असेल, जो आपल्या कुरडयांच्या चोथ्यात कधीच नव्हता.